घरातली वीज कुठे जाते, कुठे वाचते

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तिथे तसाच ठेवला आहे. श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी काही शेवटी दिले आहेत.)



सुरुवातीलाच एक खुलासा. इथे माइकसमोर एकच माणूस उभा असला तरी आम्ही "आम्ही" असंच बोलणार आहोत. कारण हे काम सात-आठ जणांचं आहे. आमच्यात एक निवृत्त अभियंते आहेत, दोन शिक्षक, दोघी गृहिणी, एक वायरमन आणि अधूनमधून येणारे कॉलेजचे विद्यार्थी. कुणी बोलावलं की आम्ही त्यांच्या घरी जातो, विजेची वर्षभराची बिलं मांडून बसतो, एकेक उपकरण मोजतो आणि काय बदलावं, काय बदलू नये ते सांगतो. चहा मिळतो, तेवढंच मानधन. (हशा)

घरात शिरलो की पहिला प्रश्न आम्ही नेहमी तोच विचारतो. तुमच्या घरात सगळ्यात जास्त वीज कोण खातं? उत्तरं ठरलेली असतात. इस्त्री. मिक्सर. एक आजोबा तर नातवाकडे बोट दाखवून "हा" म्हणाले होते. आजोबा थोडेफार बरोबर होते, पण मिक्सर बिचारा उगाच बदनाम आहे. तिथूनच सुरुवात करू.

वॅट दिसतात, तास दिसत नाहीत

मिक्सर साधारण ५०० वॅटचा. आवाज मोठा, म्हणून वाटतं की वीजही पुष्कळ खात असेल. पण दिवसाला चालतो किती? चटणी, वाटण, कधी इडलीचं पीठ धरून दहा मिनिटं. महिनाभराचा हिशेब केला तर अडीच युनिट होतात.

आता टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स घ्या. आवाज नाही, हालचाल नाही. वीज फक्त १० वॅट. पण टीव्ही रिमोटने बंद केला तरी बहुतेक बॉक्स मागे चालूच राहतात. १० वॅट, चोवीस तास, तीस दिवस. झाले सात युनिट. म्हणजे न बोलणारा डबा मिक्सरच्या जवळजवळ तिप्पट वीज खातो.

युनिट म्हणजे काय ते एकदा पक्कं करू. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. १०० वॅटचं दहा तास चाललं तरी एक युनिट. गुणाकार आहे, वॅट गुणिले तास. आपण घाबरतो वॅटला आणि विसरतो तासांना. घरातली बचत शोधायची तर आधी जास्त तास चालणाऱ्या वस्तू शोधायच्या. आपल्याकडे त्या दोनच, पंखा आणि फ्रीज. बाकी सगळे पाहुणे.

मीटरचा लाल दिवा

"पण मोजायचं कसं? आमच्याकडे यंत्र नाही," असं लोक म्हणतात. यंत्र तुमच्या दारात आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी एक आकडा छापलेला असतो, कुठे १६००, कुठे ३२००, कुठे आणखी काही. अर्थ असा की दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं.

रविवारी सकाळी मुलांना बरोबर घ्या. घरातलं सगळं बंद करा, फ्रीजचंसुद्धा बटण पाच-दहा मिनिटांपुरतं बंद करा. आता फक्त एक पंखा पूर्ण वेगाने लावा आणि पाच मिनिटं दिवा मोजा. तुमच्या मीटरवर ३२०० आकडा असेल आणि पंखा जुन्या पद्धतीचा ७५ वॅटचा असेल तर पाच मिनिटांत वीस वेळा लुकलुकेल. नव्या पद्धतीचा ३० वॅटचा पंखा असेल तर आठ वेळा. कुणाच्या जाहिरातीवर विश्वास ठेवायची गरज नाही, दिवा सांगतो.

आणखी एक गोष्ट बघा. सगळं बंद असताना दिवा अजिबात लुकलुकायला नको. लुकलुकत असेल तर काहीतरी चालू राहिलंय. इन्व्हर्टर, वायफायचा डबा, सेट-टॉप बॉक्स, नाहीतर वायरिंगमधली गळती. आम्हांला एका घरात असा चोर सापडला, माळ्यावरच्या टाकीचा पंप! टाकीतला तरंगता गोळा अडकला होता, पंप दिवसातून चार-पाच तास जास्तीचा चालत होता आणि पाणी गच्चीवरून वाहून जात होतं. तिथे उपकरण बदलायची वेळच आली नाही. गोळा बदलला, काम झालं.

वाचलेलं युनिट नेहमी महाग असतं

आता बिल. आपल्याकडच्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के विद्युत शुल्क अशा ओळी असतात. स्थिर आकार तुम्ही काहीही केलंत तरी कमी होत नाही. बाकीच्या ओळी युनिटांबरोबर वरखाली होतात.

महाराष्ट्रात घरगुती दर पायऱ्यांचे आहेत. पहिल्या १०० युनिटांचा एक दर. १०१ ते ३०० या पायरीचा त्याहून बराच जास्त, वीज आकार आणि वहन आकार मिळून जवळजवळ दुप्पट. ३०१ ते ५०० चा आणखी जास्त, ५०० च्या पुढे त्याहून जास्त. नेमके दर दरवर्षी बदलतात, तुमच्या बिलामागे छापलेले असतात.

एक गैरसमज इथेच काढू. लोकांना वाटतं, १०१ वं युनिट झालं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तसं नाही. पहिल्या शंभरांना खालचाच दर, फक्त वरच्यांना वरचा. पण यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. तुम्ही एखादं युनिट वाचवता तेव्हा ते खालून वाचत नाही, वरच्या टोकाचं वाचतं. ज्याचं बिल १६० युनिटांचं आहे त्याने ६० वाचवली तर ती सगळी महागातली. म्हणून बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून सरासरी काढू नका. त्याने बचत कमी दिसते. आम्ही आजच्या हिशेबाला वाचलेल्या युनिटाचे दहा रुपये धरतोय. तुमच्या पायरीप्रमाणे कमी-जास्त करून घ्या.

तीन जातींची उपकरणं

घरातली उपकरणं आम्ही तीन जातींत वाटतो. गरम करणारी, फिरणारी आणि गार करणारी. कार्यक्षम उपकरण घेऊन किती वाचेल हे या जातीवर ठरतं.

आधी दिव्यांचं दोन वाक्यांत उरकू, कारण ते काम बरंचसं झालंय. ६० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जागी ९ वॅटचा एलईडी आला. जुनी ट्यूब चोकसकट पन्नासच्या वर वॅट घ्यायची, एलईडी पट्टी १८-२० वॅटमध्ये तेवढाच उजेड देते. हे कसं घडलं ते मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने कोट्यवधी बल्बची एकगठ्ठा खरेदी केली. सुरुवातीच्या खरेदीत ३१० रुपयांना पडलेला बल्ब दोन-अडीच वर्षांत चाळीसच्या आसपास आला. अशा खरेदीतून ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. वस्तू चांगली असून भागत नाही, ती परवडावी लागते. हा मुद्दा नंतर परत येईल.

आता फिरणारी जात. म्हणजे पंखा.

आपला नेहमीचा छताचा पंखा ७० ते ८० वॅटचा. त्याच्या मोटरमध्ये बाहेरून येणाऱ्या विजेने आतल्या फिरत्या भागात चुंबकत्व तयार करावं लागतं. ते करताना बरीचशी वीज उष्णतेत जाते. पंखा दोन-तीन तास चालवा, बंद करा, पूर्ण थांबू द्या आणि मग मधल्या वाटीला हात लावून बघा. गरम लागते. ती तुमची वीज आहे, वारा न होता वाटी तापवण्यात गेलेली. आणि मे महिन्यात तीच उष्णता खोलीत सोडलेली.

नव्या पंख्यांना बीएलडीसी म्हणतात. त्यांच्या फिरत्या भागात कायमचे चुंबक बसवलेले असतात. चुंबकत्व तयार करायला वीज लागत नाही आणि एक छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट त्याला नेमका धक्का देत राहतं. तेवढाच वारा २८ ते ३५ वॅटमध्ये. कमी वेगावर तर पाच-सहा वॅटवर येतो.

हिशेब करू. हॉलमधला पंखा दिवसाला १५ तास चालतो. जुना महिन्याला ३४ युनिट, नवा १३-१४. एका पंख्यामागे २० युनिट, म्हणजे २०० रुपये. थंडीचे तीन महिने सोडले तर वर्षाला १८०० रुपये. पंखा तीन हजाराचा. पावणेदोन वर्षांत पैसे वसूल, पुढचं सगळं नफ्यात.

पण, आणि हा "पण" दुकानदार सांगत नाही, देवघरातला किंवा पाहुण्यांच्या खोलीतला पंखा दिवसाला चार तासच चालतो. तिथे वर्षाला जेमतेम पाचशे रुपये वाचतात, वसूल व्हायला सहा वर्षं लागतात. तो आत्ता बदलू नका. बिघडेल तेव्हा नवीन घेताना बीएलडीसी घ्या. सगळे पंखे एकदम बदलायची काहीच गरज नाही. जास्त चालणारे दोन बदला, निम्म्याहून जास्त फायदा त्यातच असतो.

गरम करणारी जात म्हणजे गिझर, इस्त्री, विजेची शेगडी, हीटर लावून धुणारं वॉशिंग मशीन. इथे एक सत्य मान्य करावं लागतं. तारेच्या कॉइलमधून वीज गेली की जवळजवळ सगळीच उष्णता होते. त्यात सुधारणा करायला जागाच नाही. गिझरवरचे तारे कॉइलबद्दल नसतातच. तापलेलं पाणी टाकीत किती वेळ गरम राहतं, म्हणजे टाकीचं अस्तर कसं आहे, त्याबद्दल असतात. मग वाचवायचं कसं? पाणी कमी तापवून.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. वीस लिटरची बादली, पाणी २५ अंशांवरून ४० वर न्यायचं. वीस गुणिले पंधरा, तीनशे किलोकॅलरी. म्हणजे बादलीभर आंघोळीला युनिटाचा तिसरा हिस्सा. शॉवरखाली आठ-दहा मिनिटं उभं राहिलं की सहज ७० लिटर पाणी जातं, म्हणजे सव्वा युनिट. चौघांच्या घरात बादली की शॉवर या एका सवयीत महिन्याला शंभर युनिटांचा फरक पडतो. कुठलाही पाच तारे गिझर तेवढं वाचवत नाही.

दुसरं, तापमानाची कळ. ६५-७० वर ठेवायची आणि मग गार पाणी मिसळायचं, हे काय आहे? ५०-५५ वर ठेवा. गिझर रात्रभर चालू ठेवू नका. गच्ची आपली असेल तर सौर बंब उत्तम. पावसाळा सोडला तर आपल्याकडे ऊन काही कमी नाही. काही महापालिका त्यासाठी मिळकत करात सूटही देतात, चौकशी करा. आणि गॅस गिझर असेल तर एक कळकळीची सूचना. बंद न्हाणीघरात तो लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. वीज वाचवण्यापायी जीव घालवायचा नाही.

गार करणारी जात ही सगळ्यात गुंतागुंतीची. फ्रीज आणि एसी उष्णता तयार करत नाहीत, ती एका जागेवरून उचलून दुसरीकडे टाकतात. पंपाने पाणी चढवावं तशी. त्यामुळे यात सुधारणेला पुष्कळ वाव आहे आणि बिघाडालाही.

फ्रीजबद्दल थोडं पुढे विस्ताराने बोलू. इथे फक्त फुकटचे उपाय. फ्रीज भिंतीपासून वितभर पुढे ओढा, त्याची पाठ उष्णता टाकत असते, तिला हवा हवी. शेगडीशेजारी ठेवू नका. दाराच्या रबराच्या पट्टीत कागदाची चिठ्ठी अडकवून दार लावा. चिठ्ठी अलगद निघाली तर रबर गेलंय, दिवसभर गारवा बाहेर पडतोय. रबर काही शे रुपयांत बदलून मिळतं. बर्फ साचणारा फ्रीज असेल तर थर बोटभर व्हायच्या आधीच वितळवा.

एसीचं गणित मात्र ऐका, कारण इथे लोक दोन्ही बाजूंनी फसतात. एसीच्या लेबलवर वर्षाची युनिटं असतात, ती १६०० तासांच्या वापराला धरून. दीड टनाचा तीन तारे आणि पाच तारे यांत साधारण दोनशे-अडीचशे युनिटांचा फरक दिसतो. १६०० तास म्हणजे वर्षातले दोनशे दिवस आठ-आठ तास. मुंबईतल्या घरात तेवढा चालत असेल तर पाच तारे जरूर घ्या. पण पुणे-नाशिककडे एप्रिल-मेच्या साठ रात्री, सात तास, एवढाच वापर असतो. झाले ४२० तास. तिथे फरक येतो साठ युनिटांचा, वर्षाला सहाशे रुपये. पाच तारेवाल्यासाठी आठ हजार जास्त मोजले तर ते वसूल व्हायला तेरा वर्षं! तिथे चांगला तीन तारे घ्या आणि उरलेल्या पैशांत दोन बीएलडीसी पंखे.

तापमानाबद्दल एवढंच. एक अंश वर गेलं की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो म्हणजे बीईई सांगतो. २०२० पासून नवे एसी सुरू करताना २४ वरच सुरू होतात, ते याचसाठी. २६ ला लावा आणि वर हळू पंखा ठेवा. आणि विदर्भातल्या मंडळींना आम्ही काय सांगणार! कोरड्या उन्हाळ्यात दोनशे वॅटचा कूलर आणि वाळ्याचे ताटे जे करतात ते दीड हजार वॅटच्या एसीला पर्याय आहे. कोकणात मात्र कूलर लावू नका, तिथे हवेत आधीच पाणी आहे.

तारे बघा, पण आकडा वाचा

बीईई २००२ मध्ये स्थापन झाला, ताऱ्यांची लेबलं २००६ पासून सुरू झाली. छताच्या पंख्यांवर लेबल सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०२३ पासून. लेबल वाचताना तीन गोष्टी बघा.

पहिली, तारे हे त्या-त्या आकाराच्या गटात दिलेले असतात. मोठा पाच तारे फ्रीज छोट्या तीन तारे फ्रीजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. दुसरी, कसोटी काही वर्षांनी कडक होते. एसीची २०१८ मध्ये बदलली, पुन्हा २०२२ मध्ये. त्यामुळे जुन्या साठ्यातला पाच तारे आणि आजचा पाच तारे एक नव्हेत. लेबलवर कालावधी छापलेला असतो, तो बघा. तिसरी आणि खरी, खाली मोठ्या अक्षरांत वर्षाची युनिटं लिहिलेली असतात. तो आकडा गुणिले दहा रुपये, गुणिले दहा वर्षं. ही रक्कम किमतीत मिळवा आणि मग दोन वस्तूंची तुलना करा. वस्तूची एक किंमत दुकानात मोजतो, दुसरी दर महिन्याला मोजतो.

जुना फ्रीज कुठे जातो?

आता ज्यासाठी मुख्यतः आज उभे आहोत ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका वस्तीतल्या ताईंनी आम्हांला बोलावलं. दोन खोल्यांचं घर. महिन्याला नव्वद युनिटांच्या आसपास बिल असायचं, ते अचानक १६५ वर गेलं. मीटर बिघडलाय अशी त्यांची खात्री होती. दोनदा तक्रार करून झाली होती. आम्ही लाल दिवा मोजला, मीटर ठीक होता. मग कोपऱ्यातला फ्रीज दिसला. "नवीन घेतला का?" तर म्हणाल्या, "नवीन कुठला दादा, ज्यांच्याकडे कामाला जाते त्या बाईंनी नवा घेतला, जुना मला दिला. चांगल्या मनाने दिला हो."

चोवीस तास मोजला. अडीच युनिट रोज. महिन्याला पंचाहत्तर. रबर गेलेलं, भिंतीला चिकटवून ठेवलेला, शेजारीच शेगडी. रबर बदललं, जागा बदलली, तर रोजचा आकडा दोनच्या खाली आला. पण मुळात मोटर थकलेली. त्याच्या पुढे काही जाईना.

आमच्यातले एक जण पटकन बोलून गेले, "मग बंद करून टाका." ताई शांतपणे म्हणाल्या, "मी रात्री इडलीचं पीठ करून सकाळी विकते. फ्रीज नसेल तर उरलेलं पीठ आंबून फेकावं लागतं." आम्ही गप्प झालो. उपकरण बंद करा हा सल्ला द्यायला सोपा असतो, कारण ते आपलं नसतं.

मग कागद घेऊन बसलो. छोटा एकदारी चांगल्या ताऱ्यांचा फ्रीज रोज अर्ध्या युनिटाच्या आत चालतो. मूळच्या अडीच युनिटांशी तुलना केली तर रोज दोन युनिट, महिन्याला साठ, म्हणजे सहाशे रुपये. फ्रीज चौदा हजाराचा. तेवीस-चोवीस महिन्यांत वसूल. हिशेब पक्का, पण चौदा हजार एकदम आणायचे कुठून? ताईंनीच मार्ग काढला. बचत गटातून कर्ज घेतलं. हप्ता साधारण तेवढाच, जेवढं बिल कमी झालं. दोन वर्षं हातात काही उरलं नाही, हे खरं. पण जास्तीचं गेलंही नाही. आणि पीठ राहिलं.

या प्रसंगानंतर आमची बोलण्याची पद्धत बदलली. आपण जुना फ्रीज, जुना कूलर, जुना पंखा "टाकण्यापेक्षा कुणाला तरी उपयोगी पडेल" म्हणून देतो. भावना चांगली असते. पण वस्तू फुकट दिली तरी तिचं बिल फुकट नसतं. आपल्याला न परवडणारा खर्च आपण आपल्यापेक्षा गरीब घरात पाठवतो, आणि त्यांना कळतही नाही की वाढलेलं बिल भेटवस्तूतून आलंय. म्हणून आम्ही सांगतो, पंधरा-वीस वर्षांचा फ्रीज देऊ नका. एक्स्चेंजमध्ये द्या किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या, कारण त्याच्या नळ्यांतला वायू हवेत सोडणं बरं नाही. आणि खरंच मदत करायची असेल तर एक्स्चेंजची रक्कम त्या ताईंच्या नव्या फ्रीजला द्या.

घराबाहेरचा हिशेब

घरातलं एक युनिट वाचलं की बाहेर काय वाचतं? चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांत कोळशाच्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्साच वीज होतो. त्यातला आणखी काही भाग तारांमध्ये जातो. म्हणजे घरात एक युनिट वाचलं की तिकडे तीनपेक्षा जास्त युनिटांएवढी उष्णता वाचते, साधारण पाऊण किलो कोळसा. वर सांगितलेला एक पंखा वर्षाला १८० युनिट वाचवतो. म्हणजे दोन पोती कोळसा, एका पंख्यामागे.

हे जगात मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेलं आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत आर्थर रोझेनफेल्ड हे एन्रिको फर्मींचे विद्यार्थी, कणभौतिकीतले शास्त्रज्ञ, या विषयाकडे वळले. कॅलिफोर्नियाने फ्रीजसाठी मानकं आणली, पुढे १९९०, १९९३ आणि २००१ मध्ये देशभराची मानकं कडक होत गेली. सत्तरच्या दशकाच्या मध्याला तिथला नवा फ्रीज वर्षाला सुमारे १८०० युनिट खायचा. २००१ नंतर पाचशेच्या आसपास आला. आणि या काळात फ्रीज लहान झाला नाही, मोठाच झाला.

आपल्याकडे बंगळुरूचे अमूल्य रेड्डी सांगत असत की लोकांना वीज नको असते, उजेड, वारा, गार पाणी हवं असतं. ते कमीत कमी विजेत कसं देता येईल यावरून नियोजन करा. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाच्या गिरीश संत यांनी हाच विचार महाराष्ट्रात हिशेबानिशी मांडला आणि अतिकार्यक्षम पंख्यांसारख्या कल्पनांचा धोरणात पाठपुरावा केला. २०१२ मध्ये ते अकाली गेले. आज दुकानात तीस वॅटचा पंखा दिसतो त्यामागे अशा लोकांची बरीच वर्षं आहेत. भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना हे पटायला जड जाऊ नये.

एक आक्षेप प्रामाणिकपणे सांगायला हवा. इंग्लंडमधल्या जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्रं कार्यक्षम झाली की कोळसा कमी न जळता जास्त जळतो, कारण वापर वाढतो. घरातही होतं ते. "एलईडी आहे, राहू दे चालू." म्हणून उपकरण बदलल्यावर वर्षभर बिल बघत राहा. पण ज्या घरात आजवर एकच पंखा होता तिथे वाचलेल्या विजेवर मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत दुसरा लागला, तर त्याला आम्ही उधळपट्टी म्हणत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्लगमध्ये लावायचा "वीज वाचवणारा डबा" मिळतो, चाळीस टक्के बचत म्हणतात. घ्यावा का?*

नाही. आत एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. घरगुती ग्राहकाचं बिल युनिटांवर होतं, त्यावर या डब्याचा परिणाम होत नाही. लाल दिवा मोजून बघा, डबा लावून आणि काढून. शंका उरणार नाही.

*आम्ही भाड्याने राहतो. घरमालक कशाला बदलेल?*

बरोबर आहे. बिल तुम्ही भरता, वस्तू त्यांची. पण पंखा तुमचा घ्या, त्यांचा काढून माळ्यावर ठेवा आणि घर सोडताना परत लावून द्या. पंखा बरोबर नेता येतो. वायरमनला एक सांगा, बीएलडीसीला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो मधून काढायचा.

*छतावर सौर पॅनल लावणार आहोत. मग ही उपकरणं बदलायची गरज काय?*

टाकी मोठी करण्याआधी गळके नळ दुरुस्त करतो ना? आधी दोन पंखे आणि फ्रीज बघा, सहा महिन्यांची बिलं बघा, मग पॅनल किती लागतील ते ठरवा. बहुतेकदा कमी लागतात.

*एकाच वस्तूला पैसे आहेत. काय आधी?*

जी सगळ्यात जास्त तास चालते आणि सगळ्यात जुनी आहे ती. बहुतेक घरांत तो हॉलमधला पंखा असतो. फ्रीज पंधरा वर्षांच्या वरचा असेल तर आधी त्याची चिठ्ठीची परीक्षा घ्या, रबर बदला, दोन महिने बघा. आणि काहीच घ्यायचं नसेल तर येत्या रविवारी लाल दिवा मोजा. त्याला पैसे लागत नाहीत.